काटा कुणाचा, भाव कुणाचा?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला फोन करून विषय सांगितला, "परदेशात पैसे कसे द्यावेत." मी म्हटलं, अरे बाबा, चव्वेचाळीस वर्षांनी लोक भेटणार. ते एकमेकांचे पांढरे केस पाहतील, जुन्या खोड्या काढतील. तिथं डॉलर-युरोचं कीर्तन कोण ऐकणार? तर तो म्हणाला, "तू जिंदगीभर बँकीत तेच त केलं ना लेका? आन आता अर्ध्या वर्गाची लेकरं भाईर हायेत. दोन शबूद सांगून दे. गाणं त तुले येतच नाई." (हशा) गाण्याचं खरं आहे. सहावीच्या स्नेहसंमेलनात मी गायलो होतो, त्याचे साक्षीदार इथं समोरच बसले आहेत.

सुरुवातीला एक विनंती. ज्यांचा मुलगा, मुलगी, भाचा, पुतणी, कुणीतरी आज भारताबाहेर आहे, त्यांनी हात वर करावा... बघा. निम्म्याहून जास्त हात वर आहेत. आपण शाळेत होतो तेव्हा हा प्रश्न विचारला असता तर बहुतेक एकही हात वर आला नसता. तेव्हा वाशीम जिल्हाही नव्हता. आपण अकोला जिल्ह्यात होतो, वाशीम वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. मुंबई पाहून आलेला माणूस आठवडाभर गावाला गोष्टी सांगायचा.

ज्यांचे हात खाली आहेत त्यांनी मात्र हा विषय आपला नाही असं समजू नये. तुमच्या घरात काल जे तेल कढईत पडलं, त्यातलं बरंचसं जहाजानं आलेलं असू शकतं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून जास्त वाटा बाहेरून येतो आणि त्याचे पैसे डॉलरात जातात. शेतात टाकता ते पोटॅश बाहेरून येतं. ट्रॅक्टरमधल्या डिझेलचं कच्चं तेल बहुतांशी बाहेरचंच. म्हणजे ज्याच्या घरात पासपोर्ट नाही तोही परदेशी चलनात खरेदी करतोच, फक्त त्याच्या वतीनं दुसरं कुणीतरी पैसे देतं. आपल्या सोयाबीनचा भाव पडला की आपण अडत्याला शिव्या देतो. पण बाहेरचं तेल डॉलरात काय भावानं उतरलं आणि त्यावर सरकारनं आयातशुल्क किती लावलं, याचाही त्या पडलेल्या भावात हात असतो.

आणि आपल्या कारंज्याला तर ही गोष्ट नवी नाहीच. कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. दूरदेशीचा व्यापारी उंटांवर कस्तुरी लादून आला, ती घेणारा कुणी भेटेना, आणि कारंज्याच्या सावकारानं सगळीच्या सगळी विकत घेऊन बांधकामाच्या चुन्यात कालवली. गोष्ट खरी की रंगवलेली, ते सोडून द्या. माझी आजी ती सांगताना एक वाक्य हमखास घालायची, "मंग त्यायनं इचारलं, पैसे कोन्त्या नान्यात पायजेत?" लहानपणी वाटायचं, हा काय प्रश्न झाला? पैसे म्हणजे पैसे. पुढं पस्तीस-छत्तीस वर्षं बँकेत मी याच प्रश्नाचं उत्तर देऊन पगार घेतला.

आता मी गणिताच्या सरांकडे वळतो. सर पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, तुम्हाला आठवत असेल नसेल, मला नीट आठवतं. आपल्या शाळेच्या ग्रंथालयासाठी इंग्लंडमध्ये छापलेला प्राण्यांचा एक मोठा सचित्र कोश मागवला होता. नागपूरच्या पुस्तकविक्रेत्याकडून तो आला, सोबत बिल आलं. बिलावर किंमत पौंडात, मग एक आकडा, आणि मग रुपये. सरांनी ते बिल वर्गात आणलं आणि फळ्यावर उतरवलं. आम्हाला वाटलं, त्रैराशिक शिकवणार. सरांनी खिशातून वर्तमानपत्राचा कपटा काढला. त्यात पौंडाचा भाव अठरा रुपयांच्या आसपास होता. बिलात एकोणिसाच्या वर होता. सर म्हणाले, "गुणाकार बरोबर आहे. पण हा भाव कुणी ठरवला?"

वर्गात सगळे गप्प. मग सरांनीच सांगितलं, की विक्रेत्यानं पुस्तक मागवलं, त्यात त्याचे पैसे अडकले, मधल्या काळात पौंड वर गेला तर नुकसान त्याचं. म्हणून तो बँकेच्या भावापेक्षा थोडा जास्त भाव लावतो. "लावू दे. पण आपल्याला ते माहीत पाहिजे."

सर, माझ्या सगळ्या भाषणाचं सार त्या दिवशी तुम्ही फळ्यावर लिहून ठेवलं होतं. मी आज फक्त त्याची उजळणी करतो आहे.

तेव्हाचे दिवस आठवा. परकीय चलन ही सोन्याहून दुर्मिळ वस्तू होती. १९७३ चा 'फेरा' कायदा होता. साठ-सत्तरच्या दशकात शिकायला निघालेला मुलगा खिशात आठ डॉलर किंवा तीन पौंड घेऊन विमानात बसायचा, त्याहून जास्त मिळतच नसत. आज विदेशात स्थायिक झालेले कितीतरी म्हातारे लोक ती आठ डॉलरची गोष्ट सांगतात.

१९९१ साली मी मुंबईला बँकेच्या परकीय चलन विभागात कारकून होतो. त्या उन्हाळ्यात देशाकडे दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकीय चलन उरलं होतं. जुलैच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर एकवीस रुपयांवरून सव्वीसच्या जवळ गेला. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं परदेशात पाठवून गहाण ठेवलं. आमच्या विभागात वयस्क साहेब लोकांचे चेहरे उतरले होते. काही जण म्हणत होते, देशाची अब्रू गेली. मला मात्र घरची आठवण आली. दर पेरणीला आईची पोत सोनाराकडे जायची आणि दिवाळीनंतर परत यायची. बियाणं घ्यायचं तर दुकानदाराला चालेल असं नाणं हातात पाहिजे, घरात जमीन किती आहे हे तो विचारत नाही. देशाचंही तेच झालं होतं. आपल्याकडे सगळं होतं, पण तेल विकणाऱ्याला आपला रुपया नको होता. परदेशी खरेदीत विकणारा ज्या नाण्याला हो म्हणतो, तेच नाणं.

पुढं दिवस बदलले. 'फेरा' जाऊन १ जून २००० पासून 'फेमा' आला. २००४ साली रिझर्व्ह बँकेनं साध्या नागरिकालाही वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठवायची मुभा दिली. ती वाढत वाढत आज वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. आठ डॉलरपासून अडीच लाखांपर्यंत आपण एकाच आयुष्यात आलो. पैसे मिळतील का, ही चिंता गेली. आता चिंता अशी की जातात किती, हे कळत नाही.

माझीच फजिती सांगतो. २०२३ साली आम्ही दोघं मुलाकडे जर्मनीला गेलो. बायकोनं एक कोट पसंत केला, १२० युरोचा. मी कार्ड दिलं. यंत्राच्या पडद्यावर दोन पर्याय आले. एकीकडे १२० युरो, दुसरीकडे ११,४३० रुपये. परक्या देशात, त्या थंडीत, रुपयाचं चिन्ह दिसलं आणि मला एकदम घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. मी रुपये दाबले.

बाहेर येऊन मुलानं विचारलं, "बाबा, काय दाबलं?" मी सांगितलं. तो काही बोलला नाही, फक्त फोन काढून त्या दिवशीचा भाव दाखवला. युरो नव्वद रुपये होता. १२० युरोचे झाले १०,८००. यंत्रानं मला ६३० रुपये जास्त लावले होते. त्यावर परत आल्यावर पाहिलं तर माझ्या कार्डवाल्या बँकेनंही, खर्च परदेशात झाला म्हणून, आपला एक टक्का आणि त्यावरचा जीएसटी कापला होता. म्हणजे आणखी १३५. युरो दाबले असते तर माझ्या कार्डाचा दोन टक्के आकार आणि जीएसटी मिळून २५५ रुपयांत काम झालं असतं. रुपयाच्या प्रेमापोटी पाचशे रुपये जास्त गेले. बायको म्हणाली, "इतके वर्षं बँकेत काय केलं हो तुम्ही?" (हशा) मी आजपर्यंत त्याचं उत्तर शोधतो आहे.

असं का होतं, ते समजून घ्या. तिथल्या दुकानदाराला शेवटी युरोच मिळतात. कोणीतरी मध्ये रुपयाचे युरो करावेच लागतात. तुम्ही युरो दाबले तर तो बदल व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे अशा जाळ्याच्या त्या दिवसाच्या भावानं होतो आणि तुमची बँक त्यावर आपला ठरलेला आकार लावते. तुम्ही रुपये दाबले तर तो बदल त्या दुकानाला यंत्र पुरवणारी कंपनी आपल्या भावानं करते, आणि त्या भावात तिचा नफा मिसळलेला असतो. बहुतेक वेळा दुकानदारालाही त्यातला थोडा वाटा जातो. म्हणून तो गोड हसून "रुपये?" असं विचारतो. तिथं गुणाकार बरोबर असतो. फक्त भाव कुणी ठरवला, ते आपण विचारत नाही.

आता बाजार समितीत चला. इथले निम्मे लोक कारंज्याच्या यार्डात सोयाबीन घेऊन गेलेले आहेत. तिथं आपण काय काय पाहतो? भाव किती निघाला. काटा कुणाचा. आणि हिशेबपट्टीत हमाली, तोलाई, कडता मिळून कापलं किती. निरक्षर शेतकरीसुद्धा या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे मोजून घेत नाही. तोच माणूस परदेशात गेला की कार्ड पुढं करतो आणि डोळे मिटतो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती आपल्याच वर्गातल्या एका मित्राची आहे. तो इथं बसला आहे, त्याची परवानगी घेतली आहे, नाव सांगत नाही. शेती तीन एकर. मुलगी हुशार, अभियांत्रिकी झालेली, जर्मनीत पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. तिथं शिकायला जाणाऱ्या मुलाला व्हिसासाठी एक खास खातं उघडून वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच भरावी लागते. २०२५ साली ती दर महिन्याला ९९२ युरो, वर्षाचे ११,९०४ अशी होती. ती रक्कम तिथं अडकवून ठेवतात आणि मूल तिथं पोचल्यावर महिन्या-महिन्याला सोडतात. एक पैसाही कमी चालत नाही.

यानं एक एकर विकला. या वर्षीच्या उन्हाळ्यात बँकेत जाऊन पैसे पाठवले. चार दिवसांनी रात्री साडेदहाला मला फोन. आवाज असा, की मला वाटलं घरात काही झालं. म्हणाला, "राज्या, पैसे कमी पोचले म्हन्ते. पंचवीस युरो कमी. पोरीची तारीख नऊ दिवसावर हाय. म्या त पुरे पाठवले होते. हे पंचवीस युरो गेले कुठी?"

कुठं गेले ते सांगतो, कारण हे तुमच्यापैकी कुणाच्याही बाबतीत होऊ शकतं. आपली बँक आणि तिकडची बँक यांची थेट ओळख नसते. मध्ये एक मोठी बँक असते. आपल्या बँकेचं त्या मोठ्या बँकेत एक खातं असतं, त्याला आमच्या भाषेत 'नोस्त्रो' म्हणतात. इटालियन शब्द आहे, अर्थ 'आमचं'. आमचं खातं, तुमच्या घरात. पैसे प्रत्यक्षात कुठं जात नाहीत, निरोप जातो. मधली बँक तो निरोप पुढं देते आणि आपली हमाली कापून घेते. पाठवताना जो अर्ज भरतो, त्यात एक बारीक रकाना असतो, की वाटेतला खर्च कुणाचा. तिथं तीन पर्याय असतात. ओयूआर म्हणजे सगळा पाठवणाऱ्याचा, एसएचए म्हणजे वाटून, आणि बीईएन म्हणजे घेणाऱ्याचा. आपल्या मित्राच्या अर्जावर काउंटरवरच्या मुलानं एसएचए लिहिलं होतं. त्या मुलाची चूकही म्हणता येणार नाही, नेहमी तेच लिहितात. पण इथं रक्कम पुरी पोचणं गरजेचं होतं आणि ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आता गंमत बघा. उरलेले पंचवीस युरो पाठवायचे तर पुन्हा बँकेचा पाठवणीचा आकार, पुन्हा मधल्याची हमाली. पंचवीस पाठवले तर शून्यच पोचायचे. मी म्हटलं, शंभर पाठव, ओयूआर लिही, आणि बँकेकडून स्विफ्ट निरोपाची प्रत माग. जास्तीचे पैसे पोरीच्याच खात्यात राहतील, तिला तिथं उपयोगी पडतील. पाचव्या दिवशी पैसे पोचले. तारीख हुकली नाही.

पण गोष्ट इथं संपत नाही. मी त्याला म्हटलं, बँकेनं तुला दिलेली पावती मला फोटो काढून पाठव. पाहतो तर त्या दिवशीच्या बाजारातल्या भावापेक्षा त्याला युरोमागे जवळपास सव्वा रुपया जास्त लावला होता. फलकावरचा भाव होता तो, बेकायदा काहीच नाही. मी त्याला विचारलं, "भाव कमी करा म्हणून मॅनेजरला म्हटलं होतं का?" तो म्हणाला, "भाव कमी करते का बँक? ते काय भाजी हाय?"

करते. मोठी रक्कम असेल तर विचारल्यावर बऱ्याच वेळा करते. माझ्या खुर्चीसमोर येऊन व्यापारी रोज करून घ्यायचे. साधा हिशेब आहे. ११,९०४ युरोवर एक रुपया भाव कमी झाला तर ११,९०४ रुपये वाचतात. आणि आपण ज्या पंचवीस युरोंसाठी रात्रभर जागलो, ते होते अडीच हजार रुपये.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हंजे आपुन हमालाशी भांडत रायलो, आन भाव पाह्यलाच नाई."

मित्रांनो, चार दशकांच्या नोकरीत परकीय चलनाबद्दल इतकं शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही. जे पैसे पावतीवर 'आकार' म्हणून लिहिलेले असतात, ते आपल्याला बोचतात. जे भावात मुरलेले असतात, ते दिसत नाहीत. आणि बहुतेक वेळा मोठी रक्कम भावातच मुरलेली असते. "शून्य आकार, शून्य कमिशन" अशी पाटी दिसली की आधी विचारा, भाव काय?

त्याच पावतीवर आणखी एक ओळ होती, टीसीएस, दहा हजारांच्या वर. त्याला वाटलं, हीसुद्धा हमाली. ती हमाली नाही, तो आगाऊ कापलेला आयकर आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षात एका माणसानं दहा लाखांपर्यंत पाठवलं तर काही कापत नव्हते. त्यावरच्या रकमेवर, कारण शिक्षण किंवा वैद्यकीय उपचार असेल तर पाच टक्के, दुसरं बहुतेक काहीही असेल तर वीस टक्के कापत होते. म्हणून अर्जातला 'कारण' हा रकाना घाईत भरू नका. शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर आता हा कर कापतच नाहीत. आणि कापला तर तो तुमच्या पॅनवर जमा असतो, विवरणपत्र भरलं की परत मिळतो. पण आपला शेतकरी म्हणतो, माझं उत्पन्न करपात्र नाही, मी कशाला विवरणपत्र भरू? न भरलं तर ते दहा हजार सरकारजमाच राहतील. आपल्या मित्राला मी वर्ष संपल्यावर भरायला लावणार आहे. त्यानं इथं सगळ्यांसमोर मान हलवली आहे, तुम्ही साक्षीदार. (हशा)

आता उरलेल्या गोष्टी झटपट सांगतो. वेळ संपल्याची चिठ्ठी आलीच आहे.

पहिली. परदेशात यंत्रानं "तुमच्या चलनात की इथल्या?" असं विचारलं, की इथल्या. दुबईत दिरहम, जर्मनीत युरो, अमेरिकेत डॉलर. एटीएममध्येही हाच प्रश्न येतो, उत्तर तेच. घरबसल्या परदेशी संकेतस्थळावर काही घेतानाही तेच.

दुसरी. आपल्या कार्डाचा आकार घरून निघायच्या आधी विचारा. साडेतीन टक्के आकार घेणारी कार्डं बरीच आहेत. दहा हजारांच्या खरेदीवर ३५० रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी ६३ रुपये, एकूण ४१३. काही कार्डांचा आकार याहून खूप कमी आहे. आधी युरो-डॉलर भरून नेता येतं असं प्रवासी कार्डही मिळतं. त्यात भाव भरायच्या दिवशीच बांधला जातो, पण भरताना, एटीएममधून काढताना आणि उरलेले परत करताना काय कापतात ते विचारून घ्या. नोटा मात्र थोड्याच न्या. नोटांचा भाव बँकेत नेहमी जास्त असतो, कारण त्या आणाव्या लागतात, सांभाळाव्या लागतात.

तिसरी. परत केलेल्या वस्तूचे पैसे त्या दिवशीच्या भावानं येतात. मधल्या काळात भाव बदलला तर कमी येतील, आणि आधी कापलेला आकार बहुधा येणारच नाही. म्हणून बाहेरून काही मागवताना "नाही आवडलं तर परत करू" हा विचार सोडून द्या.

चौथी, आणि ही आपल्या वयाच्या माणसांसाठी. मार्च २०२० पासून नवीन कार्ड मिळतं ते फक्त भारतातल्या वापरापुरतं चालू असतं. परदेशातला वापर आपण ॲपमधून चालू करायचा. मुलाकडे जाताना चालू करा आणि परत आलात की त्याच दिवशी बंद करा. कारण कितीतरी परदेशी संकेतस्थळांवर ओटीपी न मागताच पैसे जातात. घराचं दार उघडं ठेवून झोपायचं नसतं.

पाचवी. यूपीआय आता बाहेरही निघालं आहे. भूतान, नेपाळ, सिंगापूर, संयुक्त अरब अमिरात, श्रीलंका, मॉरिशस अशा देशांत काही ठिकाणी चालतं. पॅरिसच्या आयफेल टॉवरचं तिकीट फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआयनं काढता येतं. आपल्या भाजीवालीकडचा चौकोन पॅरिसला पोचला, याचा मला फार अभिमान वाटतो. पण तिथंही भाव बघूनच बटण दाबा. ॲप रुपयांची रक्कम आधी दाखवतं.

माझं बोलणं थोडं कोरडं झालं असेल. पण मला यात एक दुखरी जागा दिसते. आपल्यापैकी किती जणांनी शेत विकून, पोत मोडून, भविष्यनिर्वाह निधी काढून मुलांना बाहेर पाठवलं आहे. तो पैसा घामाचा आहे. पोराला "जपून खर्च कर" असं आपण रोज सांगतो. तो बिचारा तिथं बसचं तिकीट वाचवून चालत जातो. आणि इथं आपण एका सहीत त्याच्या तीन महिन्यांच्या बसभाड्याएवढे पैसे भावात सोडून देतो, कारण काचेच्या पलीकडच्या माणसाला विचारायची लाज वाटते. इंग्रजी फॉर्म पुढं आला की आपण गप्प होतो. यार्डात आवाज चढवणारा माणूस बँकेत "हो साहेब" म्हणतो. मी त्या काचेच्या पलीकडे इतकी वर्षं बसलो आहे. विचारणाऱ्याचा राग येत नाही हो. विचारणाऱ्याला आम्ही भाव कमी करून दिला आहे, आणि न विचारणाऱ्याला फलकावरचा लावला आहे. हे आज निवृत्त झाल्यावर कबूल करतो. तेव्हा का नाही सांगितलं, असं विचाराल तर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

आपली शकुंतला आठवते ना? आपण चालत्या गाडीतून उतरून परत चढायचो ती. तिला ओढणारं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं, १९९४ पर्यंत इथं धावलं. लहानपणी मला वाटायचं, परदेशातून येणारी वस्तू म्हणजे इंजिनच, आणि ती सरकारच विकत घेणार. आता माझ्या मित्राच्या घरातून एका सहीत बारा लाख रुपये समुद्रापलीकडे जातात. हे चांगलंच झालं. फक्त हिशेबपट्टी वाचायची आपली जुनी सवय आपण सोबत न्यावी.

ती मुलगी ऑक्टोबरमध्ये तिथं पोचली. दुसऱ्याच आठवड्यात तिनं मला एक फोटो पाठवला. दुकानातलं यंत्र, पडद्यावर दोन पर्याय, एकीकडे युरो, एकीकडे रुपये. खाली लिहिलं होतं, "काका, युरो दाबलं. भांडी घेतली." मी तो फोटो माझ्या बायकोला दाखवला. ती म्हणाली, "बघा, पोरगी शिकली." (हशा)

सर, तुमचा प्रश्न त्या पोरीपर्यंत पोचला, एवढंच तुम्हाला सांगायचं होतं.

माझा नंबर या स्मरणिकेच्या शेवटच्या यादीत आहे. कुणाच्या घरचं मूल बाहेर निघालं असेल, पैसे पाठवायचे असतील, तर पाठवायच्या आधी फोन करा. नंतर नाही, आधी. रात्री साडेदहालाही चालेल. फी एकच, कारंज्याला आलो की एक कप चहा. आणि तो मात्र रुपयातच.